आधुनिक औषध-संशोधन : प्रगती आणि आव्हाने
(बेडाक्विलिन या क्षयरोगविरोधी औषधाच्या वाटचालीची चिकित्सा)

प्रस्तावना

‘नवे औषध सापडले’ या तीन शब्दांत किती भिन्न घटना एकत्र बांधल्या जातात, याचा विचार सहसा होत नाही. प्रयोगशाळेत एखादा रेणू जंतूंना मारतो असे आढळणे ही एक घटना. तो रेणू माणसाला उपकारक आणि पुरेसा निर्धोक आहे असे चाचण्यांतून सिद्ध होणे ही दुसरी. ज्याला त्याची गरज आहे त्या रुग्णाच्या हाती ते औषध वेळेवर आणि परवडणाऱ्या किमतीत पडणे ही तिसरी. औषधशास्त्रातील प्रगतीविषयी जे लिहिले व बोलले जाते त्याचा बहुतांश भाग पहिल्या घटनेविषयी असतो. दुसरी आणि तिसरी घटना जणू पहिलीच्या मागोमाग आपोआप घडत असावी, असे त्यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कितपत टिकते, हे एका औषधाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बेडाक्विलिन या औषधाची निवड केली आहे. क्षयरोगाच्या क्षेत्रात सुमारे चाळीस वर्षांनंतर आलेले हे पहिले नव्या वर्गातील औषध होय. त्याचा शोध बेल्जियममध्ये लागला, पहिली मान्यता अमेरिकेत मिळाली आणि त्याची सर्वाधिक निकड भारत, दक्षिण आफ्रिका यांसारख्या देशांत होती. तिन्ही घटनांमधील अंतर इतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल.

१. प्रगतीची कल्पना आणि तिचा हिशेब

विसाव्या शतकाच्या अखेरीस औषध-संशोधनाची दिशा बदलली. पूर्वी रसायने थेट जंतूंवर, पेशींवर किंवा प्राण्यांवर वापरून परिणाम पाहिला जाई. तो कसा घडला याचा उलगडा नंतर होई, कधी होतही नसे. जनुकविज्ञान विकसित झाल्यावर हा क्रम उलटला. रोगास कारणीभूत असलेले प्रथिन प्रथम निश्चित करावयाचे, त्याची रचना समजून घ्यावयाची आणि कुलपाला किल्ली बसवावी तसा त्याला बसणारा रेणू शोधावयाचा, ही ‘लक्ष्याधारित’ पद्धत रूढ झाली. स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये क्षयरोगाच्या जंतूचा सुमारे चार हजार जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा आता नव्या औषधांची रांग लागेल अशी अपेक्षा निर्माण झाली.

प्रत्यक्षात काय घडले? ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या अनुभवाचा प्रांजळ ताळेबंद मांडला. १९९५ ते २००१ या काळात जंतुविरोधी औषधांसाठी त्यांनी ७० मोठ्या चाळणी-मोहिमा राबवल्या, त्यांतील जवळजवळ सर्व लक्ष्याधारित होत्या. पुढे नेण्याजोगे रेणू हाती आले ते केवळ पाच मोहिमांतून. एकट्या प्रथिनाला घट्ट चिकटणारा रेणू जिवंत जंतूच्या भिंतीतून आत शिरेलच असे नाही आणि शिरला तरी जंतू त्याला बाहेर फेकणार नाही याची खात्री नाही, ही गोष्ट या अनुभवातून पुढे आली. १९९९ ते २००८ या दशकात अमेरिकेत मान्य झालेल्या औषधांचा डेव्हिड स्विनी आणि जेसन अँथनी यांनी २०११ मध्ये जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसले. पूर्णपणे नव्या पद्धतीने कार्य करणाऱ्या ५० लहान रेणूंपैकी २८ परिणामाधारित, म्हणजे जुन्या वाटेने मिळाले होते; लक्ष्याधारित वाटेने १७.

जॅक स्कॅनेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलेली बाब याहूनही विचार करावयास लावणारी आहे. १९५० पासून महागाईचा हिशेब धरून पाहिले तर प्रत्येक अब्ज डॉलर संशोधन-खर्चामागे मान्य होणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारणपणे दर नऊ वर्षांनी निम्म्यावर येत गेली. संगणकाच्या चिपची क्षमता ठरावीक काळाने दुप्पट होते असे सांगणाऱ्या ‘मूरच्या नियमा’चे अक्षर उलटे करून त्यांनी या प्रवृत्तीला नाव दिले. साधने अधिकाधिक तीक्ष्ण होत असताना फलित मात्र महाग होत गेले, हा आधुनिक औषध-संशोधनातील मूलभूत विरोधाभास होय.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या चर्चेलाही हे लागू आहे. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डचे यश वादातीत आहे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने त्यावर मोहोर उमटवली. परंतु २०२० मध्ये संगणकीय पद्धतीने निवडला गेलेला हॅलिसिन हा बहुचर्चित जंतुविरोधी रेणू कसा सापडला, हेही पाहिले पाहिजे. ज्या संगणकीय प्रारूपाने तो निवडला, त्याला २,३३५ रेणूंनी जिवंत जंतूंची वाढ रोखली की नाही याच माहितीवर शिकवले गेले होते. नव्या साधनाच्या मुळाशी जुने निरीक्षणच होते.

२. चाळीस वर्षांचा खंड

क्षयरोगावरील औषधांचा पूर्वेतिहास वेगवान आहे. १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याच औषधाच्या निमित्ताने आधुनिक यादृच्छिक नियंत्रित चाचणीचा पाया घातला. १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाले. १९६० च्या दशकात इटलीतील लेपेटिट प्रयोगशाळेतून रिफाम्पिसिन आले. या पर्वात भारताचा वाटा मोठा होता. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या केंद्राने घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात असे १९५९ मध्ये दाखवले आणि जगभरातील क्षयोपचाराची दिशा बदलली. मद्रासच्या संशोधकांनी नवा रेणू शोधला नव्हता. हाती असलेली औषधे गरीब रुग्णापर्यंत कशी पोहोचतील, या प्रश्नाला त्यांनी संशोधनाचा दर्जा दिला होता.

त्यानंतर मात्र नव्या औषधांचा ओघ आटला. श्रीमंत देशांतून क्षयरोग ओसरला आणि बाजारपेठही आटली. जो रोग प्रामुख्याने गरिबांना होतो त्यावरील औषध-संशोधनात गुंतवणूक करण्याचे व्यापारी कारण उरले नाही. जंतू मात्र थांबले नव्हते. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा बहुऔषधरोधी क्षयरोग पसरला. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण नोंदवले. ‘संपूर्ण औषधरोधी’ या त्यांच्या शब्दप्रयोगावर शासकीय पातळीवर आक्षेप घेतला गेला. तथापि, वाद शब्दाचा होता; रुग्णांना देण्यासारखे फारसे काही उरले नव्हते ही वस्तुस्थिती त्याने बदलत नव्हती.

अशा रुग्णांचे उपचार वीस-वीस महिने चालत. त्यात कॅनामायसिनसारख्या औषधांची इंजेक्शने महिनोन्महिने दिली जात आणि त्यामुळे अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. जीव वाचवण्यासाठी कान गमवावे लागणे ही त्या काळातील प्रस्थापित उपचारपद्धतीची उघड किंमत होती. नव्या औषधाची निकड किती होती, हे यावरून ध्यानात यावे.

३. रेणूचा शोध : जुन्या वाटेचे यश

जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या बेल्जियममधील यान्सेन प्रयोगशाळेत कोएन आंद्रीस आणि सहकाऱ्यांनी हा रेणू शोधला आणि २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत लक्षणीय आहे. क्षयरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो; त्याची संख्या दुप्पट होण्यास जवळजवळ एक दिवस लागतो आणि तो हाताळणे धोक्याचे असते. म्हणून त्यांनी त्याच कुळातील, झपाट्याने वाढणारा व निरुपद्रवी असा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा जंतू घेतला आणि अनेक रसायने थेट त्याच्यावर वापरून पाहिली. त्यातून डायअरिलक्विनोलिन हा नवा वर्ग मिळाला.

हे औषध नेमके कोठे घाव घालते, ते नंतर कळले. औषधाला न जुमानणारे जंतू मुद्दाम वाढवून त्यांची जनुके वाचण्यात आली. बदल आढळला तो जंतूच्या ऊर्जानिर्मितीतील एटीपी सिंथेज या विकराच्या एका घटकात. जंतूचे ऊर्जाकेंद्रच बंद पाडणारे हे औषध असल्यामुळे सुप्तावस्थेतील जंतूंवरही त्याचा प्रभाव पडतो. जनुकवाचनाचे आधुनिक तंत्र येथे अत्यंत उपयोगी पडले. पण ते रेणू सापडल्यानंतर, त्याचे कार्य उलगडण्यासाठी. जुनी निरीक्षणपद्धती आणि नवे तंत्र यांची ही जोड हेच बेडाक्विलिनच्या शोधातील खरे शास्त्रीय यश म्हटले पाहिजे.

याच संदर्भात महाराष्ट्राशी निगडित असलेली एक उपेक्षित कडी नोंदवणे आवश्यक आहे. आज बेडाक्विलिनच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या प्रेटोमॅनिड या औषधाचे मूळ नायट्रोइमिडाझोल वर्गात आहे. या वर्गातील सीजीआय-१७३४१ या रेणूची क्षयरोगविरोधी क्षमता हिंदुस्तान सिबा-गायगीच्या मुंबईतील गोरेगाव येथील संशोधन केंद्रात उघड झाली. १९८९ ते १९९३ या काळात ते काम प्रसिद्ध झाले. जनुकीय बदल घडवण्याच्या दोषामुळे तो रेणू मागे पडला. तो धागा पकडून अमेरिकेतील पॅथोजेनेसिस कंपनीच्या संशोधकांनी निर्दोष रेणूचा शोध घेतला आणि २००० मध्ये प्रेटोमॅनिडचा मूळ रेणू जगापुढे आला. व्यापारी आकर्षण नसल्याने तोही अडगळीत पडला असता. २००२ मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने त्याचे हक्क घेतले आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेची मान्यता मिळाली. गोरेगावच्या प्रयोगशाळेपासून या मान्यतेपर्यंत तीस वर्षे गेली. रेणू सापडणे आणि औषध होणे यांतील अंतराचा याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

४. मान्यता आणि पुरावा

बेडाक्विलिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ डिसेंबर २०१२ रोजी ‘त्वरित मान्यता’ दिली. ही मान्यता ज्या चाचणीवर प्रामुख्याने आधारलेली होती तिचा आकार लहान होता. १६० रुग्णांचे दोन गट केलेले होते. एकाला प्रचलित औषधांसह बेडाक्विलिन, दुसऱ्याला प्रचलित औषधांसह औषधविरहित गोळी. २४ आठवड्यांनंतर थुंकीच्या कल्चरमधून जंतू नाहीसे झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७९ टक्के, तर दुसऱ्यात ५८ टक्के होते. जंतू नाहीसे होण्याचा मध्यक काळ १२५ दिवसांवरून ८३ दिवसांवर आला. परिणाम निःसंशय होता.

याच चाचणीत दुसरी एक आकडेवारी होती. बेडाक्विलिन घेतलेल्या ७९ रुग्णांपैकी १० जण दगावले. न घेतलेल्या ८१ पैकी २. दहापैकी एक मृत्यू रस्ता अपघातातील होता आणि उरलेल्यांना जोडणारे समान कारण आढळले नाही. औषधामुळे हृदयाच्या विद्युत्-लयीत बदल होऊ शकतो हे मात्र ज्ञात होते. प्रशासनाच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेच्या बाजूने १८ विरुद्ध ० असा कौल दिला; सुरक्षिततेवर मात्र ती ११ विरुद्ध ७ अशी विभागली गेली.

येथे आधुनिक औषध-नियमनातील मध्यवर्ती पेच उभा राहतो. थुंकीतील जंतू नाहीसे होणे हा रोगमुक्तीचा पर्यायी निर्देशक आहे. प्रत्यक्ष रोगमुक्ती किंवा जीवित राहणे नव्हे. निर्देशक सुधारला आणि मृत्यू मात्र वाढले असे दिसते, तेव्हा कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा? लहान चाचणीत असा फरक योगायोगानेही पडू शकतो. तो योगायोग आहे की औषधाचा दोष, हे मोठ्या चाचणीशिवाय ठरत नाही. ‘त्वरित मान्यता’ या संकल्पनेतच हा सौदा अंतर्भूत आहे. औषध आज द्यावयाचे आणि निर्णायक पुरावा पुढे सादर करावयाचा. प्रश्न सौद्याच्या योग्यायोग्यतेचा नाही. त्यातील दुसरा हप्ता कोणी, केव्हा आणि कोणाच्या पैशाने फेडला, हा आहे.

तो हप्ता फेडला गेला. पण सावकाश, आणि मुख्यतः इतरांनी पुढाकार घेतल्यामुळे. दक्षिण आफ्रिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेडाक्विलिन मिळालेल्या १,०१६ रुग्णांपैकी १२.६ टक्के, तर न मिळालेल्या १८,६०१ रुग्णांपैकी २४.८ टक्के मृत्यू पावल्याचे दिसले. हा अभ्यास यादृच्छिक नव्हता. कोणत्या रुग्णास औषध मिळाले यात निवडीचा प्रभाव असू शकतो. तरीही सहा वर्षे रेंगाळलेल्या भीतीला त्याने मोठ्या प्रमाणात उत्तर दिले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनांऐवजी तोंडाने घ्यावयाच्या औषधांना प्राधान्य दिले. २०२० मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तीन औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराने, अत्यंत कठीण अशा १०९ रुग्णांपैकी ९० टक्के रुग्णांत अनुकूल परिणाम मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये मेदसाँ साँ फ्राँतिएर या सेवाभावी संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या यादृच्छिक चाचणीत याच उपचाराला मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड दिली असता ८९ टक्के रुग्णांत यश आले, तर तत्कालीन प्रचलित उपचारात ५२ टक्के. अमेरिकेतील मान्यता ‘त्वरित’ या श्रेणीतून पूर्ण श्रेणीत गेली ती जून २०२४ मध्ये. रेणूच्या प्रसिद्धीपासून पहिल्या मान्यतेपर्यंत सात-आठ वर्षे लागली. पहिल्या मान्यतेपासून पूर्ण मान्यतेपर्यंत साडेअकरा.

५. खर्च, बक्षीस आणि मालकी

औषधांच्या किमतींचे समर्थन करताना संशोधन-खर्चाचा दाखला नेहमी दिला जातो. एक औषध बाजारात आणण्यास सुमारे २.६ अब्ज डॉलर लागतात हा आकडा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील आहे. त्यातील प्रत्यक्ष खर्च १.४ अब्जांच्या आसपास असून उरलेली रक्कम ही त्या काळात पैसा अन्यत्र गुंतवला असता तर काय मिळाले असते याचा हिशेब आहे; शिवाय मूळ माहिती कंपन्यांनी गोपनीय स्वरूपात दिलेली होती. २०२० मध्ये सार्वजनिक कागदपत्रांवरून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात हा मध्यक खर्च ९८.५ कोटी डॉलर, म्हणजे निम्म्याहूनही कमी आढळला. एकाच प्रश्नाची इतकी भिन्न उत्तरे मिळत असतील तर कोणताही एक आकडा किमतीचे अंतिम समर्थन म्हणून स्वीकारता येत नाही.

बेडाक्विलिनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या औषधामागील सार्वजनिक गुंतवणूक ४५.५ ते ७४.७ कोटी डॉलर, तर मूळ कंपनीची ९ ते २४ कोटी डॉलर होती. सार्वजनिक वाट्यात चाचण्यांचा खर्च आणि करसवलती होत्याच. पण सर्वांत मोठा भाग ‘अग्रक्रम परीक्षण व्हाउचर’ या बक्षिसाचा होता. उपेक्षित रोगांवर औषध आणणाऱ्या कंपनीला अन्य कोणत्याही औषधाचे परीक्षण लवकर करून घेण्याचा हक्क देणारी ही योजना अमेरिकेने २००७ मध्ये सुरू केली. अशी व्हाउचरे विकताही येतात. २०१५ मध्ये एक ३५ कोटी डॉलरला विकले गेले. बेडाक्विलिनसाठी मिळालेले व्हाउचर कंपनीने सोरायसिस या त्वचारोगावरील गुसेलकुमॅब या औषधासाठी वापरले आणि ते औषध २०१७ मध्ये मान्य झाले. क्षयरोगावरील संशोधनाचे बक्षीस, अशा रीतीने, श्रीमंत बाजारपेठेतील औषध लवकर आणण्यासाठी खर्ची पडले.

यात बेकायदेशीर काही नाही. कंपनीने नियमांनुसारच वर्तन केले. म्हणूनच टीका नियमांवर करावयास हवी. बक्षीस मान्यतेच्या दिवशी पदरात पडले. निर्णायक चाचणी पूर्ण करणे किंवा औषध गरजू देशांत परवडणाऱ्या दरात उपलब्ध करणे, अशी कोणतीही अट त्याला जोडलेली नव्हती. पहिल्या घटनेचे पारितोषिक देऊन दुसरी आणि तिसरी घटना सदिच्छेवर सोडून देण्यात आली होती.

किमतीचा प्रवास हेच सांगतो. सहा महिन्यांच्या उपचारासाठी प्रारंभी देशांच्या उत्पन्नानुसार ९००, ३,००० आणि ३०,००० डॉलर असे दर ठेवण्यात आले. २०१५ ते २०१९ या काळात कंपनी आणि अमेरिकी मदत संस्था यांच्या दान-योजनेतून अनेक देशांना औषध विनामूल्य मिळाले. २०१८ मध्ये जागतिक खरेदीचा दर ४०० डॉलरवर आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, मूळ पेटंट संपून जेनेरिक उत्पादनाची वाट खुली झाल्यावर, कंपनीचाच दर १३० डॉलरवर उतरला. त्याच निविदेत मुंबईस्थित लुपिन कंपनीचा दर १९४ डॉलर होता. स्पर्धेच्या चाहुलीने एका वर्षात जे घडले ते दशकभराच्या आवाहनांनी घडले नव्हते.

ही वाट आपोआप खुली झाली नाही. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते; परंतु औषधाच्या फ्युमरेट या क्षारस्वरूपावर स्वतंत्र पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात या अर्जाला विरोध दाखल केला. दोघींनीही क्षयरोगावर मात केली होती आणि दोघींनीही उपचारांच्या दुष्परिणामाने श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ज्ञात औषधाच्या किरकोळ बदलावर नवे पेटंट नाकारणारी भारतीय पेटंट कायद्याची तरतूद औषध-संशोधनाला मारक आहे, अशी टीका वारंवार होते. बेडाक्विलिनच्या बाबतीत शोध आधीच लागलेला होता. या तरतुदीने अडवली ती केवळ त्याच्या मक्तेदारीची मुदतवाढ.

६. भारतातील अनुभव : सावधगिरीची किंमत

परदेशी कंपनी आणि परदेशी नियम यांच्यावर सर्व दोष टाकून मोकळे होणे मात्र योग्य ठरणार नाही. भारतात २०१५ मध्ये या औषधाला सशर्त मान्यता मिळाली आणि २०१६ मध्ये ते सहा निवडक केंद्रांतून देण्यास प्रारंभ झाला. पहिल्या टप्प्यात दान म्हणून मिळालेला साठा ६०० रुग्णांपुरता होता. त्या काळात देशात बहुऔषधरोधी क्षयरोगाच्या नव्या रुग्णांची अंदाजित संख्या वर्षाला लाखाहून अधिक होती. औषध सरसकट वापरले गेले तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतील, ही भीती या मर्यादेमागे होती आणि ती निराधार नव्हती.

परंतु २०१७ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात जे प्रकरण आले त्याने या सावधगिरीची दुसरी बाजू उघड केली. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या मुलीला, ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणास्तव, औषध नाकारले गेले होते. तिच्या वडिलांना न्यायालयात जावे लागले. सुनावणीनंतर औषध मिळाले. तोवर आजार पुष्कळ वाढला होता. २०१८ मध्ये तिचा मृत्यू झाला. औषध जगात होते, देशात होते, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टरही ते देऊ इच्छित होते. मध्ये उभा होता तो रहिवासाचा निकष. अशा निकषाला वैद्यकीय सावधगिरी म्हणता येत नाही. चाचणीतील मृत्यू मोजले जातात, त्यांवर समित्या बसतात. औषध न मिळाल्याने झालेले मृत्यू कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात येत नाहीत. नियमनाच्या नीतिशास्त्राने या न मोजलेल्या रकान्याचाही विचार केला पाहिजे.

भारताने सहा महिन्यांच्या चार-औषधी उपचाराला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२३ मधील जगातील क्षयरुग्णांपैकी २६ टक्के भारतातील होते. एवढा भार असलेल्या देशाने, जागतिक संघटनेच्या २०२२ मधील शिफारशीनंतरही, जवळजवळ दोन वर्षे घ्यावीत ही बाब प्रशासकीय तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

७. औषधरोधाचे घड्याळ

हा विलंब केवळ आजच्या रुग्णांचा प्रश्न नाही. प्रत्येक जंतुविरोधी औषधाचे आयुष्य मर्यादित असते. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू आढळू लागले असून जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘विस्तृत औषधरोधी’ क्षयरोगाच्या व्याख्येतच बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड यांचा समावेश केला. रिफाम्पिसिनला होणारा विरोध एका जनुकाच्या छोट्या भागातील बदलांमुळे बहुतांशी ओळखता येतो, म्हणून त्याची जलद चाचणी शक्य झाली. बेडाक्विलिनबाबत जंतूमधील औषध बाहेर फेकणाऱ्या पंपावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकात कोठेही बदल होऊ शकतात. तेच बदल क्लोफाझिमिन या दुसऱ्या औषधालाही निष्प्रभ करतात. त्यामुळे साधी, स्वस्त आणि जलद चाचणी विकसित करणे कठीण आहे. औषधासाठी अब्जावधी खर्च करणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या सोबतीच्या निदानचाचणीला तितके महत्त्व दिले नाही. बाजारपेठेच्या तर्कानुसार ते अपेक्षितच होते.

८. प्रतिवादाचा विचार

वरील मांडणीवर एक आक्षेप संभवतो. कंपनीने जोखीम पत्करली नसती तर हा रेणूच अस्तित्वात आला नसता. सार्वजनिक संस्थांना चाळीस वर्षांत असे औषध देता आले नव्हते. त्वरित मान्यता नाकारली असती तर हजारो रुग्ण निर्णायक चाचणीची वाट पाहत दगावले असते. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने १३४ अल्प व मध्यम उत्पन्न देशांत उर्वरित पेटंटांचा आग्रह न धरण्याचे जाहीर केले. या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. खाजगी प्रयोगशाळेचे कौशल्य आणि तातडीच्या मान्यतेची उपयुक्तता नाकारून कोणतीही गंभीर चिकित्सा होऊ शकत नाही.

परंतु या आक्षेपातून निष्पन्न होते ते इतकेच, की शोधाला बक्षीस दिले पाहिजे. ते बक्षीस कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अटींवर द्यावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. व्हाउचरचा एक भाग निर्णायक चाचणी पूर्ण होण्याशी आणि दुसरा भाग रोगाचा भार असलेल्या देशांतील नोंदणीशी व वाजवी दराशी जोडला असता, तर कंपनीचे प्रोत्साहन कमी झाले नसते आणि रुग्णांची प्रतीक्षा कदाचित बरीच घटली असती. प्रेटोमॅनिडचा ना-नफा मार्ग हाही सर्वगुणसंपन्न नाही. त्यालाही वेळ लागला. तथापि, खाजगी बाजारपेठेने टाकून दिलेला रेणू सार्वजनिक आणि सेवाभावी निधीतून औषधापर्यंत नेता येतो, हे त्याने सिद्ध केले आहे.

समारोप

बेडाक्विलिनच्या वाटचालीतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, औषध-संशोधनातील प्रगती सरळ रेषेत नाही. नव्या तंत्राने जुन्या निरीक्षणाची जागा घेतली असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. दुसरा असा की, मान्यता हा शास्त्रीय प्रवासाचा शेवट मानल्यामुळे पुराव्याची जबाबदारी विरळ होते आणि ती अखेरीस ज्यांच्याकडे साधने कमी आहेत अशा देशांना व संस्थांना उचलावी लागते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा की, औषध रुग्णापर्यंत पोहोचवणे हा संशोधनानंतरचा वाटपाचा प्रश्न नसून संशोधनाचाच भाग आहे; मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्येच ते दाखवून दिले होते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांची रचना पाहता हा तिसरा निष्कर्ष सहज दृष्टीआड होतो. रेणू रसायनशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या तासाला शिकवला जातो, चाचणी संख्याशास्त्राच्या, पेटंट विधी शाखेत आणि किंमत अर्थशास्त्रात. पाटण्याच्या त्या मुलीचा प्रश्न यांपैकी कोणत्याही एका विषयाच्या चौकटीत पूर्णपणे मावत नाही. तो सर्व विषयांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा आहे. औषध-संशोधनाची प्रगती मोजताना मान्य झालेल्या रेणूंची संख्या मोजणे सोपे असते. रेणूच्या प्रसिद्धीपासून शेवटच्या गरजू रुग्णाच्या पहिल्या गोळीपर्यंत किती वर्षे गेली, हे मोजणे अवघड आहे. बेडाक्विलिनच्या बाबतीत भारतात ते मोजमाप २००५ पासून सुरू होते आणि अजून पूर्ण झालेले नाही.